वर्ध्याच्या आठ सीटा

नाई नाई, त्या खुर्चीवर नका बसू, भाऊ — तिच्यावर फडकं टाकलं आहे ते उगाच नाई, तिचा पाय हालते — इकडे या, या स्टुलावर बसा, कूलरच्या हवेत. अन् तो लॅपटॉप लगेच उघडू नका, बाहेर कसं तापून राह्यलं, मशीनलेबी जरा दम खाऊ द्या. ठेवा तिकडे, फ्रेमा टेकवल्या आहे त्याच्या बाजूनं. हां. अन् मी तुमाले दारातच सांगतलं ना — मी काई केलं नाई. वर्ध्याच्या आयडीवर सगळे कनेक्शन कोनी अडवून बसलं असन, तं ते तुमच्या सर्व्हरचं दुखनं असन. मी साधी बाई. लग्नाचे फोटो आमचे हे काढतात, मी इथं सिंदी मेघेत दुकानात बसते, अल्बमचे पानं जुळवते अन् एफटीपीनं, म्हंजे इंटरनेटवरूनच, तुमच्या नागपूरच्या लॅबले पाठवते. तुम्ही छापता, आमी वाटतो. याच्यात अडवायचं काय आहे? नाव काय म्हनले — गळ्यातल्या कार्डावर आहे की — स्वप्निल. तं स्वप्निलभाऊ, पन्हं घेता का? घ्या. सकाळच्या बसनं आले, नागपूर ते वर्धा उभ्यानं आले असन, तोंड कसं झालं पाहा त्या आरशात.

तुमच्या साहेबाचा हुकूम समजला मले. बारा वाजता वर्ध्याचा आयडी बंद, मंग चौकशी, अन् ज्यानं अडवलं त्याले पूर्न सीझनभर आत येऊ द्यायचं नाई. ठीक आहे. पन आता घड्याळात साडेअकरा वाजले, म्हंजे अर्धा तास माहा आहे. तुमच्याच साहेबाच्या शब्दानं माहा आहे. अन् मी तुमाले एकच मांगून राह्यली — हा एक अल्बम जाऊ द्या. हे पाहा, स्क्रीनवर. छत्तीस पानं, चोवीस गेले. पवनारच्या माधवीचा अल्बम आहे, मागच्या महिन्यात लग्न झालं तिचं. नवरा जामनगरले नोकरीवर, अकरा तारखेची गाडी आहे दोघाईची. तुमाले छापून, बांधून, पाठवाले चार दिवस लागते. आज सहा तारीख. आज पानं पोहोचले तं पोरगी अल्बम संग नेईन, नाई तं रिकाम्या हातानं जाईन अन् सासरच्याईले मोबाईलवर बोटानं फोटो सरकवून दाखवत बसन. तुमाले बहीन आहे का? आहे ना? मंग बसा.

काय म्हनले? सॉफ्टवेअरात कनेक्शन किती लावले? मले काय समजते त्यातलं. ते आकांक्षानं — पोरगी आहे माही, पुन्याले शिकते — तिनं लावून देलं, मी हातबी लावत नाई. दोन असन. तीन असन. आता तुम्ही वाकून पाहूनच राह्यले तं लपवून काय करू — दहा. हो, दहा. पन दहा काऊन लावले ते तं ऐका. तुम्ही रोज सर्व्हरपाशी बसता, तुमाले कोन सांगनार, तरी मी आपली सांगते, माह्या भाषेत. तुमचा सर्व्हर म्हंजे एसटी. वर्ध्याच्या नावानं तिच्यात सीटा आठ. एका सीटवर एका वेळी एकच पान बसते. अन् पान म्हंजे काय लहान आहे का — चाळीस-चाळीस एमबीचं एकेक, नवरदेवाच्या फेट्याचा दोरा न् दोरा दिसला पाह्यजे म्हनतात लोक. एकच कनेक्शन लावलं तं एक पान चढन, जाईन, उतरन, मंग दुसरं चढन — छत्तीस पानाले दिवस गेला. आठ लावले तं आठ पानं संगच निघते. आता इंटरनेट तं आमचं तेवढंच आहे, आठ जन एकाच दारातून चढतात तं धक्काबुक्की होते, एकेक पान जरा हळू जाते — पन मधात जो चढा-उतरायचा वेळ जाते ना, तो वाचते. हे मले आपल्या आपन समजलं, कोनी शिकवलं नाई. मंग मी इचार केला, आठाच्या जागी दहा मांगून पाहू, भेटले तं भेटले. तं आठ बसले अन् दोन दारात लोंबकळून कंडक्टरले इचारून राह्यले — झाली का सीट, झाली का सीट. तेच दोन तुमच्या साहेबाले त्रास देत असन. तेवढं पाप माहं. घ्या लिहून.

सव्वीस झाले, पाहा. पन्हं संपलं का? आनखी देते. ऐकून राह्यले ना?

अन् दोष एकट्या माह्यावर काऊन? आयडी काय माह्या एकटीचा आहे? समोर पाहा, रस्त्याच्या पलीकडे, निळी पाटी — यशोदा फोटो. सदाशिवराव भाऊजीचं दुकान. ते अन् आमचे हे, दोघंबी भागीदारीत याच दुकानात होते, अठरा वर्स. पाटीवर दोघाईचं नाव होतं. तुमच्या लॅबचा आयडी तवाच घेतला, दोघाईचा मिळून एक. मंग दोन वर्साआधी भाऊजीच्या डोक्यात ड्रोन शिरलं. आमचे हे म्हनत, नको, वरातीतल्या लोकाईचे टक्कल वरून पाहून कोनाले काय करायचं आहे. भाऊजीनं घेतलंच. अन् पह्यल्याच लग्नात, देवळीले, ते ड्रोन मांडवाच्या झालरीत अटकलं अन् सरळ खाली — वांग्याच्या भाजीच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात. पंगत बसली होती. वाढपी पळाले. अन् आमचे हे हसले. बस, एवढंच झालं. हसायले नाई पाह्यजे होतं, मी म्हनते चूकच होती, पन तुम्ही सांगा, एवढ्या मोठ्या गंजात ड्रोनचे पंखे फिरून राह्यले अन् भाजी नवरदेवाच्या मामाच्या धोतरावर उडून राह्यली, तं मानूस गंभीर कसा राहीन. भाऊजीनं ड्रोन पुसलं, घरी आले अन् दुसऱ्या दिवशी सामान उचललं. कॅमेरे वाटून घेतले, लाईट वाटून घेतले, पडदे वाटून घेतले — तो ताजमहालचा पडदा त्याईच्याकडे गेला, हा बगीच्याचा आमच्याकडे राह्यला. ती खुर्चीबी त्याईचीच, पन नेली नाई. पाय हालते म्हनून असन. अन् आयडी तेवढा राहून गेला. वावराचे हिस्से होते अन् विहीर सामाईक राहते ना, तसं. मंग विहिरीवानीच पाळी लागली — सकाळी भाऊजीनं पानं सोडायचे, दुपारी आमी. बसून ठरवलं नाई कोनी, बोलनंच बंद होतं तं ठरवतं कोन, पन पाळी चालली. दोन वर्स चालली. एक दिवस इकडचा तिकडे झाला नाई.

मंग कनेक्शन अडवले कवा, हेच इचारून राह्यले ना? येते, तिकडेच येते. या सीझनले, लग्नतिथ्या दाट लागल्या होत्या, अन् माही दुपारची पाळी. मी पानं सोडून राह्यली तं मधातच सर्व्हर म्हनते — जागा नाई, कनेक्शन भरले. दोन वाजले. दुपार माही, अन् सीटा भरलेल्या. दहा मिनिटानं पाह्यलं, तेच. पंधरा मिनिटानं, तेच. मले वाटलं, झालं, भाऊजी आता पाळी सोडून पानी ओढून राह्यले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी खिडकीतून पाहू, तं ते समोर दुकानात निवांत बसून पेपर वाचून राह्यले. माह्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, आम्ही गरीब दिसलो काय तुमाले. मंग मीबी — आता हे साहेबाले सांगू नका, तुमाले भाऊ म्हनून सांगते — मीबी रुमाल टाकला. एसटीत खिडकीतून रुमाल टाकते ना आपन, मानूस चढायचाच असते अन् जागा धरून होते, तसा. सकाळी सात वाजता, भाऊजीचं शटर उघडायच्या आधी, आठच्या आठ कनेक्शन उघडायचे अन् तसेच ठेवायचे. पान एकबी पाठवायचं नाई. रिकाम्या सीटा, वरून रुमाल. आता तुमचा सर्व्हर काई खुळा नाई, मले माहीत आहे, कोनी चुपचाप बसलं का थोड्या वेळानं तो उठवून देते. पन सॉफ्टवेअरात एक टिक लावायची जागा आहे — ती लावली का ते दर अर्ध्या मिनिटाले सर्व्हरले आवाज देते, आहो का, आहो का. काम काईच नाई, नुसतं इचारायचं. सर्व्हरले वाटते मानूस जागा आहे, मंग तो उठवत नाई. लय सोपं आहे. कोनाले बसवून ठेवायचं असन तं मधामधात काईतरी इचारत राहायचं, बस. — कूलर इकडे फिरवू का? बरं वाटते ना हवा? हां.

बारा दिवस केलं मी ते. खोटं कायले बोलू. बारा दिवस भाऊजी सकाळी कॉम्प्युटरपाशी बसत अन् डोक्याले हात लावत, अन् मी इथं बसून लसून सोलत पाहत राहू. तुमच्या लॅबले शिव्या घातल्या त्याईनं — मोठमोठ्यानं, पार पानठेल्यापर्यंत ऐकू येत — अन् मले लय मजा आली. मजा आली हे खरं आहे, आता कितीबी वाईट वाटलं तरी. अन् तुमचीच मानसं आतून वर्ध्याच्या फोल्डरात शिरू शकत नव्हती, हे मले आज तुमच्या तोंडून समजलं. ते मी धरलं नव्हतं मनात. तुमच्यावर माहा काई राग नाई, भाऊ.

एकोनतीस. जाऊन राह्यले, बरोबर जाऊन राह्यले. ते टीं टीं वाजते ते काई नाई, इन्व्हर्टर आहे, लाईट गेली असन. पंखा बंद करते तेवढा. लाईटचंच तं सांगायचं होतं तुमाले. लाईटनं माहं सगळं उघडं पाडलं.

मागच्या सोमवारची गोष्ट. समोर यशोदा फोटोले कुलूप. सकाळपासून कुलूप. कुलूप मले इथून दिसते, पितळेचं आहे, चमकते. मी म्हटलं, चाला, आज रुमाल टाकायची गरज नाई, आज आपली पानं आरामात सोडू. दोन वाजता बसली. पाच पानं गेले अन् लाईट गेली, तवा या इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली होती, मशीन धाडकन बंद. पाच मिनिटानं लाईट आली, मी पुन्हा लावलं — तं सर्व्हर म्हनते, जागा नाई, कनेक्शन भरले. मी त्या कुलपाकडे पाहू अन् या स्क्रीनकडे पाहू. भाऊजी दुकानात नाई, कॉम्प्युटर बंद, मंग आठ सीटावर बसलं कोन? मी आकांक्षाले फोन केला. ती हसत सुटली. म्हने, आई, त्या तुह्याच सीटा आहे. लाईट गेली का तू उठून जाते, पन सर्व्हरले तू सांगून उठली नाई ना. त्याले वाटते तू बसलीच आहे. तो वीस मिनिटं वाट पाहते, मंग मोकळ्या करते. तवरक तू पुन्हा येते अन् म्हनते जागा द्या, तं तो म्हनते जागा तुनंच धरली. समजलं का तुमाले? माहेच भूतं माह्या सीटावर बसले होते. अन् दुपारी दोन वाजता आमच्या फीडरची लाईट या उन्हाळ्यात रोज जाते. रोज. ते पह्यले तीन दिवस, ज्याच्यावरून मी पेटली, ते तीनही दिवस दुपारी पानं जात असतानीच लाईट गेलती. भाऊजी बिचारे पेपरच वाचून राह्यले होते. त्याईनं एक सीट माही घेतली नव्हती. अन् मी त्याईच्यावर बारा दिवस सूड उगवला.

अन् कुलूप काऊन होतं, ते आनखी वाईट आहे. ते मले संध्याकाळी यशोदाबाईनं सांगतलं. यशोदाबाई म्हंजे त्याईची बायको. आमचं बोलनं कवाच बंद झालं नाई — भांडन मानसाईचं आहे, आमी दोघी मागच्या गल्लीतून डबे देतो-घेतो, त्याईले ठाऊकबी नाई. ती डोळे पुसत आली. बारा दिवस अल्बम जात नाई म्हनून भाऊजी हार्ड डिस्क पिशवीत घालून स्वतः नागपूरले निघाले. एकसष्ट वर्साचा मानूस, या उन्हात. अन् वर्ध्यातच, बसमध्ये चढतानी पायरीवरून पाय सटकला. घोट्याचं हाड मोडलं. गर्दी होती म्हने, खिडकीतून रुमाल टाकून कोनी दाराकडे धावलं, त्याच्या धक्क्यानं. तीन दिवस सेवाग्रामच्या दवाखान्यात होते, आता घरी आहे, पायाले प्लास्टर, ते चार पायाचं वॉकर घेऊन चालतात. हार्ड डिस्क तशीच पिशवीत. अन् त्याच्यात अल्बम कोनाचा? — आता समजलंच असन तुमाले, मी सांगायले नको होतं, पन तोंडाले लगाम नाई माह्या. माधवीचा. हो, हा अल्बम माहा नाई. पवनारचं ते घर भाऊजीचं गिऱ्हाईक. माधवीच्या बापानं दुकानासमोर येऊन आवाज चढवला, इतक्या वर्सात भाऊजीले कोनी तसं बोललं नव्हतं. ते मी इथून ऐकलं. त्या दिवशी लसून सोलता नाई आला मले.

तं काल यशोदाबाई डब्याच्या पिशवीत हार्ड डिस्क घेऊन आली. खाली हार्ड डिस्क, वर ज्वारीच्या भाकरी. भाजी ठेवली नाई तिनं, तेल सांडन म्हनून — हुशार बाई आहे. अन् भाऊजीले सांगतलं आहे का यशोदाबाईचा भाचा नागपूरले घेऊन गेला. त्याईले समजलं का मी पाठवून राह्यली तं ते अल्बम परत मांगन, तसा मानूस आहे, ड्रोनच्या पायी अठरा वर्स सोडले त्यानं. म्हनून तुमाले हात जोडते, त्याईच्यापाशी काई बोलू नका. बारा दिवस तुमचा सर्व्हर खराब होता, असंच त्याईले वाटते. वाटू द्या. तुमच्या लॅबची थोडी बदनामी होईन, पन लॅब मोठी आहे, सोसन. — बत्तीस झाले का? तेहतीस. पाहा, तिकडे तेहतीस दाखवून राह्यलं.

ते काय लिहून राह्यले? वर्ध्याचे दोन आयडी? एक आमाले, एक त्याईले, प्रत्येकी चार सीटा. हां. ते बरोबर आहे. तसंच पाह्यजे, भांडनच नाई. मी कोनाच्या सीटा धरनार नाई, कोनी माह्या धरनार नाई. पाळीची गरज नाई. सकाळी का दुपारी, ज्याले जवा वाटन तवा. — नको, भाऊ. खोडा ते. काऊन म्हनजे काय, नको म्हटलं ना. तुमाले समजनार नाई. तुम्ही समोर पाहता तं रस्ता दिसते, एक मोठा रस्ता, मधात डिव्हायडर. मले काय दिसते सांगू का? सकाळी भाऊजीची पानं गेले का फोल्डरात त्याईच्या अल्बमचं नाव येते. मले इथं दिसते. आज हिंगनघाटचं लग्न पाठवलं, आज पुलगावचं. कवा लागोपाठ चार-पाच दिवस काईच आलं नाई तं मी यशोदाबाईले इचारते, भाऊजी बरे आहे ना. आमचे हे तोंडानं काई म्हनत नाई, पन संध्याकाळी आले का पह्यले फोल्डर उघडून पाहतात. मले म्हनतात, आपलं पान गेलं का ते पाहतो. आपलं नाई पाहत. सदाशिवनं कसं काम केलं ते पाहतात, अन् एखादा फोटो चांगला असला तं लय वेळ पाहत बसतात. दुकान वाटलं, पडदे वाटले, पोराईनं एकमेकाच्या घरी जानं सोडलं. दोघाईचं मिळून आता एवढंच उरलं आहे. तेबी तुम्ही पेनानं दोन करता. आठ सीटाच राहू द्या अन् एकच आयडी राहू द्या. मी दहाचे चार करते. तुमच्यासमोर करते. रुमाल टाकनार नाई, आकांक्षाची शपथ.

पस्तीस. एकच राह्यलं. ते शेवटचं कव्हरचं पान आहे, जड आहे, वेळ घेईन. थांबा, बोलू नका, पाहू द्या. ऐंशी. ... नव्वद. ... गेलं. छत्तीसच्या छत्तीस. किती वाजले? बाराले चार कमी. घ्या तुमचा लॅपटॉप, उघडा, आता करा बंद नाई तं ठेवा चालू, माहं काम झालं. हसता काय? हो, केलं तुमाले अर्धा तास बसवून. पन्हं, कूलर, ऐकून राह्यले ना, बरं वाटते ना — सांगतलं नव्हतं का मी, कोनाले बसवून ठेवायचं असन तं काय करायचं ते. मी काई लपवलं नाई तुमच्यापासून.

काय म्हनले? मेसेज? कायचा मेसेज? — सगळी पानं पोहोचली का लॅबकडून आपोआप मोबाईलवर मेसेज जाते. कोनाच्या? आयडी काढतानी जो नंबर देलता त्याच्यावर. दाखवा तो नंबर. ... हा तं भाऊजीचा नंबर आहे.

थांबा. थांबा जरा. म्हंजे दोन वर्सापासून माह्या हर अल्बमचा मेसेज त्याईले जाऊन राह्यला? हर अल्बमचा? अन् तुमच्या लॅबमधून जे तीन फोन केले म्हनता, तेबी त्याच नंबरवर? म्हनूनच मी म्हनते, मले कसा एकबी आला नाई. ... दोन उचलले नाई, तवा ते दवाखान्यात असन. अन् तिसरा उचलला. काय बोलले? ... सांगा ना, आता बोलत नाई मी मधात. ... भाऊजी म्हनले का चूक माही आहे? माह्या कॉम्प्युटरची चूक आहे, आयडी बंद करायचा तं माहं नाव काढा, समोरच्या दुकानाचं काम थांबवू नका — असं म्हनले? अन् तुम्ही हे आता सांगून राह्यले? आल्या आल्या सांगता येत नव्हतं? ... हो. मीच बोलू देलं नाई. बरोबर आहे.

म्हंजे सगळं ठाऊक होतं त्याईले. त्या बारा दिवसात माह्या अल्बमचे मेसेज येत राह्यले, तं सर्व्हर खराब नाई, सीटा मीच धरल्या, हे त्याईले समजलंच असन. त्या शिव्या लॅबले नव्हत्याच. मले लाज वाटून राह्यली, भाऊ. बाकी काई नाई, फक्त लाज वाटून राह्यली.

ते समोर काय — शटर कोनी वर केलं? ते बाहेर आले. हातात मोबाईल आहे. मेसेज पाहून राह्यले. इकडे पाहून राह्यले. ... वॉकर उचललं त्याईनं. रस्ता ओलांडून राह्यले, भाऊ, दोन वर्सात पह्यल्यांदा, अन् ते ट्रकवालं पाहा कसं हॉर्न देते, दिसत नाई का त्याले प्लास्टर. थांबलं. थांबलं, बरं झालं. — उठा तुम्ही. उठा उठा, ते कार्ड काढा गळ्यातलं. लॅपटॉप पडद्यामागं. हा कोट घाला, दुकानाचाच आहे, पासपोर्ट फोटोवाले सगळे हाच घालतात, टाय शिवलेलीच आहे त्याले. स्टूल इकडे ओढा, बगीच्याच्या पडद्यासमोर. तुम्ही लॅबचे नाई, तुम्ही फोटो काढाले आले, समजलं का? खांदे सरळ. हनुवटी खाली. अन् आता तोंडातून एक शब्द नाई.

या, भाऊजी. पायरी सांभाळा, हां, वॉकर आधी, मंग पाय. ... नाई, कोनी नाई, गिऱ्हाईक आहे, पासपोर्टवाले. या, आत या. थांबा, तिथं नका बसू, स्टुलावर पाय लांब होनार नाई तुमचा. इकडे, तुमच्या खुर्चीवर बसा — एक मिनिट, हे फडकं काढते मी — बसा. पाय कायले हालन, मागच्याच वर्सी खिळे ठोकून घेतले आहे.

तुम्ही हालू नका हो, पासपोर्टवाले.